अन्न अंगी लागते तेव्हा

मनमाडहून सिकंदराबादेकडे जाणाऱ्या लोहमार्गावर मुदखेड आणि धर्माबाद यांच्या दरम्यान उमरी हे स्थानक लागते. हैदराबाद मुक्तिसंग्रामाच्या इतिहासात ३० जानेवारी १९४८ रोजी स्वातंत्र्यसैनिकांनी उमरीच्या बँकेवर घातलेल्या छाप्यामुळे या गावाचे नाव नोंदले गेले आहे. आम्हाला मात्र उमरी आठवते ती तिथल्या भाकरीमुळे. अंबाडीची आंबट भाजी, जवसाची चटणी आणि तव्यावरून उतरलेली ज्वारीची भाकरी असे जेवण एका वृद्ध आजींनी आमच्यापुढे वाढले होते. जेवताना गोष्ट निघाली १९७२ च्या दुष्काळाची. परदेशातून आलेल्या तांबड्या मिलोची आठवण निघताच आजी म्हणाल्या, "खायाला मिळालं, ते उपकारच झाले. पन ते अंगी लागत नव्हतं, बाबा."

'अंगी लागणे' हा शब्दप्रयोग आपण मराठी माणसे सहज करतो. पोट भरणे निराळे आणि अन्न अंगी लागणे निराळे, हा भेद आपल्या भाषेने फार पूर्वीच ओळखला आहे. पोटात गेलेल्या घासाचे पुढे काय होते, त्याचे रक्तमांस कसे बनते आणि कधी कधी भरल्या पोटीही देह का झिजतो, या प्रश्नांची उत्तरे शोधायला मानवजातीला सुमारे तीनशे वर्षे लागली. त्या शोधाची एक वाट युरोपातून निघाली आणि अखेर दख्खनच्या काळ्या मातीतल्या ज्वारीपर्यंत येऊन पोहोचली. त्या वाटेने वाचकांना थोडे सोबत नेण्याचा आमचा मानस आहे.

प्राचीनांनी पचनाची कल्पना चुलीवरून केली. आपल्याकडे जठराग्नी हा शब्द रूढ झाला. आयुर्वेदाने अग्नी मंद झाला की रोग होतात असे मानले. भगवद्गीतेच्या पंधराव्या अध्यायातही प्राणिमात्रांच्या देहात राहून अन्न पचवणाऱ्या वैश्वानराचा उल्लेख आहे. ग्रीकांचा विचारही वेगळा नव्हता. पचनासाठी त्यांनी वापरलेल्या शब्दाचा मूळ अर्थ 'शिजणे' असाच होता, आणि गेलनसारख्या वैद्याच्या अधिकारामुळे ही समजूत युरोपात शतकानुशतके टिकून राहिली. चूल घराघरात होती, म्हणून दृष्टान्त पटण्यासारखा होता. परंतु त्यात एक अडचण होती. थंड रक्ताचा मासा पोटात अग्नी नसताना दुसरा मासा कसा पचवतो?

हा प्रश्न ठामपणे विचारणाऱ्यांत ब्रुसेल्सचा वैद्य यान बाप्टिस्ट व्हान हेल्मोंट हा प्रमुख होता. १६४४ साली निधन पावलेला हा कॅथलिक गृहस्थ आपल्या मतांमुळे चर्चच्या न्यायासनापुढे अडचणीत आला आणि काही काळ नजरकैदेतही राहिला. नुसत्या उष्णतेने अन्न पचत नाही. पीठ आंबावे तसे काही द्रव्य अन्नात मिसळून त्याचे रूपांतर घडवते आणि जठरात आम्ल असते, असे त्याने मांडले. त्याच्या लिखाणात पुष्कळ गूढ कल्पना मिसळलेल्या आहेत. पण चूल बाजूला सारून आंबवणाच्या भांड्याकडे बोट दाखवण्याचे श्रेय त्याला दिलेच पाहिजे.

यानंतरचे नाव आम्हा कॅथलिक कुटुंबांना विशेष जिव्हाळ्याचे वाटावे असे आहे. नील्स स्टेन्सन ऊर्फ निकोलस स्टेनो हा १६३८ साली कोपनहेगन येथे लुथरपंथी घराण्यात जन्मला. १६६० मध्ये ॲमस्टरडॅमला शिकत असताना एका मेंढीच्या डोक्याचे विच्छेदन करताना त्याची सळई अनपेक्षितपणे एका नलिकेत शिरली आणि दातांवर आपटून वाजली. कानाजवळच्या ग्रंथीतून गालाच्या आतल्या बाजूस लाळ आणून सोडणारी ती नलिका होती. आजही वैद्यकशास्त्रात ती त्याच्याच नावाने ओळखली जाते. तोंडाला पाणी सुटते ते कुठून, याचे एक उत्तर त्या दिवशी मिळाले. ज्याच्या घरी तो शिकत होता त्या शिक्षकाने शोधाचे श्रेय स्वतःकडे घेण्याचा प्रयत्न केला. तो वाद बराच गाजला. पुढे फ्लॉरेन्सला असताना १६६७ मध्ये स्टेनो कॅथलिक झाला, गुरुदीक्षा घेऊन १६७७ मध्ये बिशप झाला आणि उत्तर जर्मनीत अतिशय दारिद्र्यात राहून सेवा करता करता १६८६ मध्ये मरण पावला. पोप जॉन पॉल दुसरे यांनी १९८८ साली त्याला धन्यवादित घोषित केले. लाळेची नलिका शोधणारा हात पुढे वेदीवर भाकर उचलणारा झाला, हा योगायोग आम्हाला चिंतनीय वाटतो.

अठराव्या शतकात वाद रंगला तो असा: जठर अन्नाला जात्यासारखे दळते, की एखादा रस त्याला विरघळवतो? फ्रान्समध्ये रेओम्युर याने १७५२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत एका पाळीव शिकारी पक्ष्याला छिद्रे पाडलेल्या धातूच्या नळ्या गिळायला लावल्या. नळीत मांसाचा तुकडा असे. न पचणारी वस्तू असे पक्षी ओकून टाकतात, त्यामुळे नळी परत मिळे. नळीच्या भिंतींमुळे मांस दळले जाणे शक्य नव्हते. तरीही ते विरघळलेले आढळे. म्हणजे काम रसाचे होते.

हा धागा पुढे नेला तो एका धर्मगुरूने. लाझारो स्पॅलान्झानी हे इटलीतील स्कांडियानो गावी १७२९ मध्ये जन्मले आणि पाव्हिया विद्यापीठात निसर्गशास्त्राचे अध्यापक झाले. पक्षी, बेडूक, मासे, साप, गुरे या सर्वांवर प्रयोग केल्यावर त्यांनी स्वतःच्या देहाकडे मोर्चा वळवला. तागाच्या कापडाच्या लहान पिशव्यांत चावलेला पाव आणि मांस शिवून त्यांनी त्या गिळल्या. पहिल्या वेळी मनात भीती होतीच. पिशवी आतड्यात अडकली तर काय, या शंकेने त्यांना ग्रासले होते. पिशवी सुखरूप बाहेर पडली तेव्हा आतले अन्न नाहीसे झाले होते आणि शिवण मात्र शाबूत होती. मग त्यांनी जठररस काचेच्या नळीत मांसाबरोबर घालून ती नळी शरीराच्या उबेसाठी काखेत धरली. देहाबाहेरही अन्न विरघळले, आणि ते सडले मात्र नाही. १७८० मध्ये हे सर्व ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाले. चूलही नाही, जातेही नाही आणि कुजणेही नाही. पचन म्हणजे रसाने केलेले विघटन, हे आता पक्के झाले. त्या रसातील आम्ल म्हणजे मिठाचे आम्ल, हायड्रोक्लोरिक आम्ल, हे इंग्लंडच्या विल्यम प्राउट याने १८२४ मध्ये प्रसिद्ध केले.

येथवरची कथा विद्वानांच्या जिज्ञासेची होती. पुढचे पान मात्र एका गरिबाच्या देहावर लिहिले गेले, म्हणून त्यावर आम्ही थोडे थांबणार आहोत.

६ जून १८२२ रोजी अमेरिकेतील मॅकिनॅक बेटावर एका दुकानात बंदूक चुकून उडाली आणि अलेक्सी सें मार्तें हा फ्रेंच कॅनेडियन तरुण जबर जखमी झाला. कातडीच्या व्यापारासाठी होड्या वल्हवणारा हा निरक्षर मजूर होता. लष्करी डॉक्टर विल्यम बोमाँट यांनी त्याला वाचवले. पण पोटावरची जखम पूर्ण मिटली नाही. जठराची भिंत जखमेच्या कडेला चिकटली आणि बाहेरून जठरात डोकावता येईल असे एक छिद्र कायमचे राहिले. बोमाँटनी संधी ओळखली. रेशमी दोऱ्याला मांसाचे, पावाचे, कोबीचे तुकडे बांधून ते छिद्रातून आत सोडायचे, ठरावीक वेळाने ओढून पाहायचे, असे प्रयोग १८२५ पासून सुरू झाले. १८३३ मध्ये त्यांनी २३८ प्रयोगांची नोंद असलेला ग्रंथ प्रसिद्ध केला. कोणते अन्न किती वेळात पचते, राग आला की जठराची क्रिया कशी बिघडते, हे जगाने प्रथमच प्रत्यक्ष पाहिले.

ज्ञान वाढले यात शंका नाही. पण अलेक्सीचे काय? करार करून त्याला बांधून घेतले होते. तो डॉक्टरांच्या घरी लाकडे फोडी, पाणी भरी आणि मधूनमधून स्वतःचे जठर उघडून दाखवी. कंटाळून तो एकदा मायदेशी निघून गेला, गरिबीमुळे परतला आणि अखेर पुन्हा निघून गेला तो कायमचा. बोमाँटनंतरही तो बरीच वर्षे जगला. १८८० मध्ये तो वारला तेव्हा त्याचा देह मिळावा म्हणून डॉक्टर मंडळी उत्सुक होती. घरच्यांनी प्रेत मुद्दाम काही दिवस ठेवले, म्हणजे ते चिरफाडीच्या कामाचे राहू नये, आणि मग क्वेबेकमधील आपल्या धर्मग्रामाच्या दफनभूमीत नेहमीपेक्षा खोल खड्डा खणून त्याला मातीआड केले. आयुष्यभर ज्याच्या पोटात जगाने डोकावून पाहिले, त्याला अखेरीस एकांत मिळावा, ही त्या कुटुंबाची इच्छा होती. विज्ञानाच्या इतिहासात बोमाँटचे नाव मोठ्या अक्षरांत येते, अलेक्सीचे तळटीपेत. आम्हाला दोघांचेही ऋण मान्य करावेसे वाटते.

यापुढील शोध झपाट्याने लागले. थिओडोर श्वान या कॅथलिक जर्मन शास्त्रज्ञाने १८३६ मध्ये जठररसातील पेप्सिन हे द्रव्य वेगळे ओळखले. पुढे तो बेल्जियममधील लूवेनच्या कॅथलिक विद्यापीठात अध्यापक होता. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास क्लोद बेर्नार याने स्वादुपिंडाचा रस स्निग्ध पदार्थांचे विघटन करतो आणि यकृत साखर साठवते हे सिद्ध केले. १९०२ मध्ये लंडनच्या बेलिस व स्टार्लिंग यांनी आतडे रक्तातून एक रासायनिक निरोप पाठवते व त्यामुळे स्वादुपिंड रस सोडते हे दाखवले. पचनावरील संशोधनासाठी रशियाच्या पाव्हलॉव्ह यांना १९०४ चे नोबेल पारितोषिक मिळाले.

या सर्वांच्या कष्टातून जे चित्र तयार झाले ते उमरीच्या भाकरीला लावून पाहू. भाकरीचा घास चावू लागताच लाळेतील द्रव्य तिच्यातल्या पिष्टाची लांब साखळी तोडू लागते. म्हणूनच खूप वेळ चावलेली भाकरी गोड लागते. जठरात आम्ल आणि पेप्सिन मिळून प्रथिनांना हात घालतात. पुढे सुमारे सहा मीटर लांबीच्या लहान आतड्यात खरे काम चालते. यकृतातून आलेले पित्त तेलाचे बारीक थेंब करते, स्वादुपिंडाचा रस पिष्ट, प्रथिने आणि स्निग्धांश या तिन्हींना फोडतो. शेवटी पिष्टाचे ग्लुकोज होते, प्रथिनांची ॲमिनो आम्ले होतात, आणि आतड्याच्या आतील मखमलीसारख्या सूक्ष्म उंचवट्यांतून ती रक्तात शिरतात. तिथून रक्त प्रथम यकृताकडे जाते. ज्वारी ज्वारी राहिलेली नसते. ती आता देहाला ओळखीच्या विटांच्या रूपात असते आणि त्या विटांनी देह आपले घर बांधतो. अन्न अंगी लागले, ते असे.

आता आजींच्या तक्रारीकडे वळू. घास फुटला, तरी त्यातले सर्व काही देहाला मिळतेच असे नाही. याचा कडू अनुभव प्रथम मक्याने दिला. स्पेनमधील गास्पार कसाल या वैद्याने १७३५ मध्ये अस्तुरियास प्रांतातील गरीब शेतकऱ्यांत एक रोग पाहिला. उन्हात उघडी राहणारी कातडी काळवंडून सोलली जाई, गळ्याभोवती साखळी घातल्यासारखा पट्टा उमटे, हगवण लागे आणि शेवटी बुद्धी भ्रमिष्ट होई. पुढे इटलीत त्याला पेलाग्रा हे नाव पडले. अमेरिकेच्या दक्षिण भागात तो हजारोंनी पसरला, तेव्हा डॉक्टर जोसेफ गोल्डबर्गर यांनी १९१४ पासून शोध घेऊन दाखवले की हा संसर्ग नसून निकृष्ट आहाराचा परिणाम आहे. ते पटवण्यासाठी त्यांनी रोग्यांचे रक्तही स्वतःच्या अंगात टोचून घेतले. १९३७ मध्ये एल्व्हेजेम यांनी नायसिन हे जीवनसत्त्व त्यावर गुणकारी असल्याचे दाखवले. मक्यात नायसिन असते, पण ते इतके घट्ट बांधलेले असते की आतडे ते सोडवू शकत नाही. मेक्सिकोतील मूळ रहिवासी मका चुन्याच्या पाण्यात शिजवत. त्यामुळे ती गाठ सुटे. युरोपने मका नेला, पण तो शिजवण्याची रीत मात्र मागेच राहिली.

दख्खनमध्ये मका हे मुख्य अन्न नव्हते. तरीही येथील ज्वारी खाणाऱ्या गरीब मजुरांत पेलाग्रा आढळत असे. हे कोडे सोडवण्याचे काम हैदराबादेत सुरू झाले. कुन्नूर येथील पोषण संशोधन प्रयोगशाळा १९५८ मध्ये हैदराबादला आली. तीच आजची राष्ट्रीय पोषण संस्था. डॉ. कोलतूर गोपालन आणि डॉ. श्रीकांतिया यांनी १९६० मध्ये मांडले की, ज्वारीच्या प्रथिनांत ल्युसिन हे ॲमिनो आम्ल फार मोठ्या प्रमाणात असते. आपला देह ट्रिप्टोफॅन या दुसऱ्या ॲमिनो आम्लापासून थोडे नायसिन स्वतः तयार करू शकतो. परंतु ल्युसिनचा अतिरेक या कामात आडवा येतो. अन्न पचले, विटा रक्तात पोहोचल्या, पण एका जातीच्या विटा इतक्या झाल्या की दुसरीचे काम अडले, असे म्हणता येईल. या उपपत्तीवर पुढे जगभर चर्चा झाली. काही प्रयोगांनी तिला आधार दिला, काहींनी दिला नाही. मात्र एका गोष्टीवर एकमत राहिले. रोग होत असे तो ज्वारी खाणाऱ्या सर्वांना नव्हे, तर ज्वारीशिवाय दुसरे काहीच ज्यांच्या ताटात नव्हते त्यांना. ज्या घरी भाकरीबरोबर डाळ, दूध, पालेभाजी, शेंगदाणे होते त्या घरी हाच दाणा अंगी लागत होता. पुढील दशकांत आहारात तांदूळ, गहू आणि इतर अन्नाची भर पडत गेली तसा हा रोग विरळ झाला. दोष एकट्या ज्वारीचा नव्हता. ताटाच्या एकटेपणाचा होता आणि त्या एकटेपणामागे दारिद्र्य होते.

१९७२ च्या दुष्काळात तर ताटात ज्वारीही उरली नाही. मे १९७३ मध्ये महाराष्ट्रात दुष्काळी कामांवर जवळजवळ पन्नास लाख लोक राबत होते. खडी फोडायची, पाझर तलावाची माती वाहायची, आणि मजुरीबरोबर मिळालेली सुकडी मुलांच्या हाती द्यायची, असे ते दिवस होते. सुकडी, मिलो, दुधाची पावडर यांनी असंख्य जीव वाचवले, हे कृतज्ञतेने नमूद केले पाहिजे. त्याच वेळी हेही सांगितले पाहिजे की देणाऱ्यांना घेणाऱ्याच्या पोटाची ओळख क्वचितच होती. दुधातील साखर फोडणारे द्रव्य आपल्या देशातील पुष्कळ प्रौढांच्या आतड्यात लहानपणानंतर कमी होते. अशांना पाण्यात कालवलेली दुधाची पावडर भरपूर घेतली की पोट फुगून जुलाब होतात. हे ज्ञान १९६० नंतरच्या दशकात नुकतेच प्रसृत होत होते. 'फुकटचे मिळाले तरी यांना पचत नाही' असे उद्गार त्या काळी आम्हीही ऐकले आहेत, आणि कदाचित मनातल्या मनात उच्चारलेही असतील. आज त्याची लाज वाटते. न पचणे हा कृतघ्नपणा नव्हता, तो देहाचा धर्म होता.

देहाचा धर्म ओळखून केलेल्या मदतीचे उदाहरणही त्याच काळातले आहे. १९७१ मध्ये बांगलादेशातून आलेल्या निर्वासितांत कॉलरा पसरला. आमच्या भाषेत त्याला पूर्वापार मोडशी म्हणत. गोव्यात १५६३ मध्ये ग्रंथ छापणाऱ्या गार्सिया द ओर्ता या वैद्यानेही या रोगाचे हेच नाव आपल्या उच्चारात नोंदले आहे. सीमेवरील बनगाव येथे डॉ. दिलीप महालनबीस यांच्याकडे शिरेतून द्यायचे सलाईन संपत आले. कॉलऱ्यातही आतडे साखरेबरोबर मीठ आणि पाणी आत घेऊ शकते, हे प्रयोगशाळांनी नुकतेच दाखवले होते. त्यांनी साखर, मीठ आणि खाण्याचा सोडा पाण्यात कालवून पिंपांतून वाटले, आणि आयाबहिणींना ते पाजायला शिकवले. मृत्यूचे प्रमाण सुमारे तीस टक्क्यांवरून चार टक्क्यांच्याही खाली आले. चिमूटभर मीठ आणि मूठभर साखर यांनी जे केले, त्यामागे आतड्याविषयीचा आदर होता.

आमच्या घरोघरच्या स्त्रियांकडेही असे ज्ञान होते, फक्त त्याला प्रयोगशाळेचा शिक्का नव्हता. ज्वारीची प्रथिने शिजवल्यावर अधिकच हट्टी होतात व पचायला जड जातात; पीठ आंबवले तर ती सुटी होतात, असे आता अभ्यासाने दिसते. उन्हाळ्यात ज्वारीचे पीठ आंबवून केलेली आंबील आजारी माणसाला आणि लेकरांना देणाऱ्या आमच्या आज्यांनी व्हान हेल्मोंटचे नाव ऐकले नव्हते. पण आंबवणाचे मर्म त्यांच्या हाताला ठाऊक होते. भाकरीबरोबर अंबाडी, कण्यांबरोबर डाळ, चटणीत जवस, ही जोडणी चवीपुरती नव्हती.

आज नांदेड–लातूर भागातील खरिपाच्या शिवारात सोयाबीनने ज्वारीची जागा मोठ्या प्रमाणात घेतली आहे. दुसरीकडे २०२३ हे वर्ष संयुक्त राष्ट्रांनी भरडधान्यांचे वर्ष म्हणून पाळले आणि शहरांतील दुकानांत ज्वारी आकर्षक वेष्टनात येऊन बसली. काल गरिबीची खूण म्हणून जिला हिणवले, तिला आज आरोग्याची खूण म्हणून मिरवले जाते. ज्वारी काल वाईट नव्हती आणि आज चमत्कारी झालेली नाही. ताटात तिला सोबत असली की ती अंगी लागते, नसली की लागत नाही, एवढेच इतिहास सांगतो.

प्रभूने शिकवलेल्या प्रार्थनेत आपण रोजची भाकर मागतो, आणि ती 'मला' नव्हे, 'आम्हाला' मिळावी म्हणून मागतो. ज्या आजींनी आम्हाला उमरीत जेवू घातले, त्या स्वतः मात्र आमचे जेवण होईपर्यंत थांबल्या होत्या. शेवटची भाकरी त्यांनी अर्धी मोडून शेजारच्या मुलाच्या हातावर ठेवली, वर थोडी अंबाडीही घातली, आणि मग उरलेली अर्धी घेऊन जेवायला बसल्या.